जिवंत चिखलाची चोरी

१

सोमवारी सकाळी गावातली घाण चोरीला गेल्याचं उघडकीस आलं.

गावात चोऱ्या होत नव्हत्या असं नाही. सायकली जात, मासेमारीची जाळी जात. एकदा तर नगरपालिकेच्या भिंतीवरचं घड्याळ गेलं होतं, आणि ते आधीपासून बंदच असल्यामुळे ते गेल्याचं कळायलाही बराच काळ लागला होता. पण घाण कुणी पळवल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. म्हणूनच तर सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला कुंपण होतं, फाटक होतं, फाटकाला कुलूप होतं, फक्त वॉचमन नव्हता. "तिथून नेणार काय?" असं नगराध्यक्षांनी भर सभेत विचारलं होतं आणि सभा पोट धरून हसली होती.

टीसीबाईंना भाचीचा फोन आला तेव्हा त्या दात घासत होत्या.

"आत्या, चोरी झाली!"

"काय गेलं?"

"चिखल."

टीसीबाईंनी सावकाश चूळ भरली. तेवढ्या वेळात पोरगी ताळ्यावर येईल असा त्यांचा अंदाज होता.

"हं. आता नीट सांग. काय गेलं?"

"चिखलच गं! माझ्या टाकीतला! कॉफीसारखी दिसायची माझी टाकी. आज भांडी विसळलेल्या पाण्यासारखी दिसतेय. आणि गुरुवारी तपासणी आहे, आत्या!"

"कशालाही हात लावू नकोस. आलेच मी."

टीसीबाई रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नजर अजून नोकरीवर होती. लग्नाच्या हॉलमध्ये त्या दाराजवळ उभ्या राहिल्या तर पाहुणे आपणहून पत्रिका काढून दाखवत. बिनतिकीट माणसं तीन प्रकारची असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. एक झोपतो. दुसरा खिडकीबाहेर असा बघतो, जणू तिथे काहीतरी पहिल्यांदाच उगवलंय. आणि तिसरा तुम्ही विचारायच्या आधीच उत्तर देतो. चौथा प्रकार त्यांना फारच क्वचित भेटला होता. त्याच्याबद्दल त्या बोलत नसत.

त्यांनी चपला घातल्या, पर्स घेतली आणि पर्समधलं तिकीट पंच करायचं जुनं यंत्र चाचपून पाहिलं. त्याचा उपयोग काही नव्हता. पण हातात असलं की माणसं खरं बोलत.

२

केंद्र गावाच्या टोकाला, खाडीच्या काठावर होतं. गाव त्याला 'घाणीचा कारखाना' म्हणे आणि भाचीला 'गटारवाल्या मॅडम'. रोज सकाळी सगळं गाव कारखान्याला कच्चा माल पुरवत असे, पण कारखाना आतून कुणी पाहिला नव्हता.

फाटकापाशी टीसीबाई थांबल्या. कुलूप जिथल्या तिथे होतं. फाटकासमोर नवं काँक्रीट होतं, शनिवारी ओतलेलं, अजून ओलसर. त्याच्यावर एका मांजराची पावलं उमटली होती. बाकी काही नाही.

"टँकर नाही आला," टीसीबाई म्हणाल्या.

"मग गेलं कसं? खिशात घालून?" भाचीचे डोळे सुजले होते. तिने आत्याला टाकीच्या कठड्यापाशी नेलं. खाली पाणी खळखळत होतं. पातळ, राखाडी, उदास.

"हा नुसता चिखल नाही, आत्या. त्यात जंतू असतात. माझे कामगार. गावाची घाण येते, ती ते खातात, चिखल खाली बसतो आणि वरचं स्वच्छ पाणी खाडीत जातं. त्यांना खायला घाण लागते आणि श्वासाला हवा. हवा तोडली तर थोड्या वेळात सगळे खलास."

"पगार?"

"नाही."

"संप?"

"कधीच नाही."

"रेल्वेत असे नव्हते," टीसीबाई गंभीरपणे म्हणाल्या. "नवे आणता येत नाहीत?"

"दुकानात मिळत नाहीत. आपसूक वाढायला कितीतरी दिवस लागतात. नाहीतर दुसऱ्या केंद्रातून आणायचे, विरजण आणतात तसे..."

ती मध्येच थांबली. टीसीबाईंनीही पुढे विचारलं नाही. खाडीच्या पलीकडच्या काठावर दुसरं गाव होतं, दुसरं आणि जुनं केंद्र होतं, आणि ते चालवत होते भाचीचे वडील, म्हणजे टीसीबाईंचे थोरले भाऊ. मुलीने आपल्या हाताखाली यावं अशी त्यांची इच्छा होती. ती इकडच्या नव्या केंद्रावर रुजू झाली. पहिल्या दिवशी ती विरजणाचा चिखल मागायला बापाकडे गेली, तेव्हा ते म्हणाले होते, "ज्यांनी नोकरी दिली, त्यांच्याकडे माग." तिने दूरच्या शहरातून तो टँकरने आणला. त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलले नव्हते. मध्ये खाडी तेवढी होती, पण समुद्र असल्यासारखं दोघं वागत.

टीसीबाईंनी चक्कर मारली. खाडीच्या बाजूला कुंपण नव्हतं. स्वच्छ पाणी बाहेर पडायचं तिथे पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या.

"इथे एकही पक्षी नाही," त्या म्हणाल्या.

"नसणारच. पक्षी घाण पाण्यावर जमतात, खायला मिळतं म्हणून. माझ्या पाण्यावर त्यांचा उपास होतो. तेच माझं सर्टिफिकेट." भाचीने रिकाम्या पाण्याकडे पाहिलं. "या आठवड्यात येतील बघ."

"सगळाच चिखल गेला?"

"नाही. तळाशी थोडा सोडलाय. आणि गंमत बघ, हवेचा कॉक अर्धा बंद केलाय. उरलेल्यांना पूर्ण जोराची हवा सोसली नसती, विखरून गेले असते. चोराला एवढं कळतं."

"आणि हा पाइप?"

भिंतीला पंपाचा जाड पाइप नीट गुंडाळून टांगलेला होता. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, धुऊन.

"पंप वापरलाय त्याने. पण पाइप..." भाची गोंधळली. "असा तर मीच गुंडाळते."

"अगदी बरोबर!" मागून आवाज आला.

नगराध्यक्ष उभे होते. काँक्रीट चुकवून, कडेकडेने, बूट हातात धरून आले होते, पण रुबाब बूट घातल्यासारखाच होता.

"कुलूप शाबूत, किल्ली मॅडमकडे. कॉक मॅडमलाच फिरवता येतो. पाइप मॅडमच्याच पद्धतीने." त्यांनी टीसीबाईंकडे पाहून खेदाने मान हलवली. "गुरुवारी पाणी नापास झालं की केंद्राला टाळं, मॅडमना निलंबन, आणि गटार पूर्वीसारखं सरळ समुद्रात. मला आनंद होतोय असं समजू नका, बाई. पण ही चोरी करू शकेल असं गावात एकच माणूस आहे, आणि ते माणूस तुमची भाची आहे."

३

चोरी रविवारी दुपारी झाली, यात टीसीबाईंना शंका नव्हती. रविवारी सगळं गाव समुद्रकिनाऱ्यावर नगराध्यक्षांच्या नव्या बाकाच्या उद्घाटनाला बसलं होतं. बाक एक, बसणारे चार, भाषण दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत. लाउडस्पीकर असे की पलीकडच्या काठावरही टाळ्या कुठे वाजवायच्या ते कळावं. उठून जाता येईना, कारण शेवटी आइस्क्रीम होतं. नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांना हजेरी सक्तीची होती, त्यामुळे भाची पहिल्या रांगेत बसली होती आणि टीसीबाई तिच्या शेजारी.

"म्हणजे माझी साक्षीदार तू," भाची म्हणाली.

"आत्याची साक्ष कोण धरतं? चल, ज्याला चिखलाची गरज आहे त्याच्याकडे आधी जाऊ."

नर्सरीवाले गावाच्या वेशीवर फुलझाडं विकत. केंद्राबाहेर वाळून पडलेल्या गाळाच्या वड्या ते खत म्हणून नेत. टीसीबाईंना पाहताच ते एका कुंडीकडे टक लावून बघू लागले. कुंडीत काहीच नव्हतं.

खिडकीवाला, टीसीबाईंनी मनात नोंद केली.

"काल कुठे होता?"

"बाकाच्या... तिथेच. फुलांची सजावट माझीच होती ना."

"हात बघू."

नखांत काळं होतं. टीसीबाईंनी पर्समधून यंत्र काढून नुसतं 'कट्' केलं.

"सांगतो, सांगतो!" नर्सरीवाले कोलमडले. "सजावटीची फुलं प्लास्टिकची होती! एवढ्या उन्हात खरी टिकतात का तुम्हीच सांगा! नगराध्यक्षांनी भाषणात 'या ताज्या फुलांप्रमाणे आमचं नातं' म्हटलं तेव्हा मी खाली वाकून चप्पल शोधायला लागलो. कुणाला सांगू नका हो!"

"आणि चिखल?"

"ओला? जिवंत?" ते खरोखर दचकले. "मुळांना घातला तर झाडं कुजतील. मला वाळलेलाच चालतो, आणि तो मॅडम फुकट देतात. फुकट मिळतं ते चोरेन कशाला?"

टीसीबाईंनी त्यांना माफ केलं. मग त्या नगराध्यक्षांच्या केबिनमध्ये गेल्या. तिथे भिंतीवर एक रंगीत चित्र लावलेलं होतं: खाडीकाठचं हॉटेल, छत्र्या, हसरी माणसं. केंद्र जिथे होतं तिथे चित्रात पोहण्याचा तलाव होता.

"सुंदर," टीसीबाई म्हणाल्या. "केंद्र बंद पडलं तर जागा मोकळी होईल."

"माझ्यावर संशय?" नगराध्यक्ष हसले. "बाई, मी काल सगळा वेळ बोलत होतो. साक्षीदार सगळं गाव."

"जागे असलेले मोजकेच," टीसीबाई म्हणाल्या. "पण तेवढे पुरे आहेत."

बाहेर आल्यावर भाची रडवेली झाली. "मग उरलं कोण? सगळे तर भाषणाला होते."

"सगळे नव्हते," टीसीबाई अचानक थांबल्या. "आइस्क्रीम आठवतं? एक बाई दोन कप घेऊन गेली. म्हणाली, 'एक आमच्या ह्यांचा.'"

"कोण?"

"ताजेरावांची बायको."

४

ताजेरावांचं खरं नाव त्यांनाही क्वचित आठवे. ते बोटीने जिवंत मासे पोचवत, आणि काहीही विचारलं तरी "एकदम ताजे!" म्हणत. एकदा सासऱ्यांची तब्येत विचारली तेव्हाही तेच म्हणाले होते. त्यांच्या बोटीवर मोठे निळे ड्रम होते, आणि मासे वाटेत मरू नयेत म्हणून छोट्या पंपाने ड्रमांत हवेचे बुडबुडे सोडायची सोय होती.

सोमवार बाजाराचा दिवस. धक्क्यावर गर्दी, ओरडा, वजनकाटे. फक्त ताजेरावांच्या बोटीवर शांतता होती. निळे ड्रम सगळे पालथे, उन्हात वाळत घातलेले. साबणाचा वास येत होता. ताजेरावांकडे तो पूर्वी कधी आला नव्हता.

टीसीबाई बोटीजवळ उभ्या राहिल्या. तोंड उघडलंसुद्धा नाही.

"सहज धुतले!" ताजेराव म्हणाले. "वर्षातून एकदा धुवावेत माणसाने. डॉक्टर सांगतात. आणि काल मी घरीच होतो, पोट बिघडलं होतं. बायकोला विचारा. आणि चिखलाचं मला काही माहीत नाही."

"चिखलाचं मी विचारलं का?"

ताजेरावांनी भाचीकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग पालथ्या ड्रमांकडे. तिसरा प्रकार, अगदी पुस्तकात छापण्यासारखा.

"पोट बिघडलेल्या माणसासाठी बायको आइस्क्रीम नेते?"

"ते... ताजं होतं," ताजेराव क्षीणपणे म्हणाले.

"किती फेऱ्या मारल्या?"

"बाई, माझे पिंजऱ्यातले मासे आहेत तिकडे, पाण्यात. तुम्हाला नाही कळायचं. मी शब्द दिलाय. मला काही विचारू नका. मी चांगल्या कामाला गेलो होतो, आईशप्पथ!"

"कुणाला दिलाय शब्द?"

ताजेरावांनी ओठ घट्ट मिटले. पण माणसाचे ओठ मिटले तरी डोळे उघडेच असतात. त्यांची नजर एकदाच, चुकून, खाडीच्या पलीकडे गेली.

टीसीबाईंनीही तिकडे पाहिलं. त्यांची पर्स हातातून सुटता सुटता राहिली.

पलीकडच्या काठावर, जुन्या केंद्राचं पाणी जिथे खाडीत पडतं तिथे, पक्ष्यांचा पांढरा ढीग जमला होता.

५

"बोट काढा," टीसीबाई म्हणाल्या. "आम्हा दोघींना पलीकडे सोडा. शब्द मोडायची गरज नाही. नुसतं वल्हवा."

"इंजिन आहे बाई."

"मग नुसतं इंजिन चालवा."

बोट निघाली. भाची कडेला बसली होती आणि तिचा चेहरा पक्ष्यांच्या दिशेने होता. तिला कळायला लागलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. टीसीबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ऐक. तुझं केंद्र बंद पाडायचं असतं, तर चोराने टाकीत दोन कॅन जंतुनाशक ओतलं असतं. काम फत्ते. एवढा उपसा कशाला? म्हणून नगराध्यक्ष सुटले. खत हवं असतं तर ते बाहेर वाळलेलं पडलंय, फुकट. म्हणून नर्सरीवाले सुटले. चोराने चिखल वाटेत हवा मिळेल अशा ड्रमांतून नेला. मागे राहिलेल्यांना पुरेल एवढीच हवा ठेवून गेला. म्हणजे त्याला तो जिवंत हवा होता, आणि तुझाही मरू द्यायचा नव्हता. आता सांग, जिवंत चिखल कुणाला लागतो?"

भाचीने पक्ष्यांवरची नजर काढली नाही. "ज्याचा मेलाय त्याला," ती म्हणाली.

"लाउडस्पीकर पलीकडेही ऐकू येतो. भाषण चालू आहे तोवर इकडे चिटपाखरूही नाही, हे तिकडे बसून कळतं. आणि तो पाइप. आठाच्या आकड्यात गुंडाळायला तुला कुणी शिकवलं?"

भाचीला उत्तर ठाऊक होतं. लहानपणी अंगणात पाणी घालून झालं की बाबा पाइप तिच्या हातात देत, आणि पीळ पडला तर पुन्हा उलगडायला लावत. तिचे डोळे भरून आले. दुसऱ्याच क्षणी ती संतापली.

"माझी नोकरी जाणार होती, आत्या! सगळं माझ्यावर आलं असतं!"

"ते त्याच्या डोक्यात नसणार. चिखलाचा विचार करणाऱ्याला माणसांचा विचार थोडा उशिरा सुचतो. तुझंही तसंच आहे."

ताजेरावांनी इंजिन बंद केलं. जुन्या केंद्राच्या पायरीवर एक म्हातारा गृहस्थ पाय सोडून बसला होता. बोट पाहून तो उठला नाही. जणू वाटच पाहत होता.

६

"ये, चिमे," थोरले भाऊ बहिणीला म्हणाले. मुलीकडे त्यांनी पाहिलं नाही. "चहा टाकू?"

"दादा," टीसीबाईंनी हात पुढे केला. "तिकीट?"

भावाने त्या हाताकडे पाहिलं. झोपेचं सोंग घेतलं नाही, खाडीकडे तोंड फिरवलं नाही, सबब सांगितली नाही.

"नाही," ते म्हणाले. "विनातिकीट आहे."

हाच तो चौथा प्रकार. टीसीबाईंना गहिवरून आलं, पण त्यांनी पर्स बंद केल्याचा मोठा आवाज करून ते लपवलं.

भाची सरळ टाकीकडे गेली. टाकी कॉफीसारखी दिसत होती. तिने वाकून पाहिलं, वास घेतला, आणि इतक्या काळानंतर बापाशी पहिलं वाक्य बोलली:

"हवा जास्त होतेय तुमची. फेस बघा."

"ब्लोअर जुना आहे. कमी होत नाही."

"कॉकला गंज असेल. तेल घालून बघितलं?"

"घातलं."

"कुठलं?"

ताजेरावांनी टीसीबाईंकडे पाहिलं. "भांडतायत की काय हे?"

"गप्प बसा. जुळतंय," टीसीबाई पुटपुटल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पलीकडच्या गावातल्या एका शीतगृहाने साफसफाई केली, आणि धुण्याचं जालीम औषध बिनदिक्कत गटारात सोडलं. टाकीतले सगळे जंतू एका दमात मेले. घाण तशीच खाडीत जाऊ लागली, ताजेरावांच्या पिंजऱ्यातले मासे तडफडू लागले. शुक्रवारी या जुन्या केंद्राचीही तपासणी होती.

"मागायचं होतं ना, बाबा!" भाची ओरडली. "एक फोन करायचा!"

"तू मागायला आली होतीस तेव्हा मी नाही म्हटलं." ते टाकीकडे बघत म्हणाले. "आता कुठल्या तोंडाने मागू?"

"याच! दुसरं आहे का तुमच्याकडे?"

"तळाशी सोडलं होतं तुझ्यापुरतं. हवा बेतून दिली होती. पंप धुतला. पाइप गुंडाळून ठेवला..."

"चोर पाइप गुंडाळून ठेवत नाहीत, बाबा."

"मग कोण ठेवतं?"

"घरचं माणूस ठेवतं," ती म्हणाली, आणि दुसरीकडे बघून नाक पुसलं.

टीसीबाईंनी घसा खाकरला. "रडणं नंतर. गुरुवारचं काय?"

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघं एकाच वेळी बोलू लागली. अर्धा चिखल परत न्यायचा. दोन्ही टाक्यांत कामगार कमी, म्हणून काम कमी द्यायचं. तपासणीपर्यंत दोन्ही गावांनी निम्मंच पाणी वापरायचं. ते जमलं तर दोन्ही वाचतील.

"म्हणजे दोन्ही गावांनी आंघोळ दिवसाआड करायची," टीसीबाई म्हणाल्या. "हे गावाला कोण सांगणार?"

त्याच क्षणी पर्समधला फोन वाजला. नगराध्यक्ष होते. पोलिसांत तक्रार द्यायला निघाले होते.

७

"अवश्य द्या," टीसीबाई नगराध्यक्षांच्या केबिनमध्ये खुर्चीवर टेकत म्हणाल्या. "फक्त तक्रारीत चोरीची वेळ घालावी लागेल."

"मग घालू."

"चोरी तुमचं भाषण सुरू झालं तेव्हा सुरू झाली. चोराने चिखल बसू दिला, पंप लावला, ड्रम भरले, खाडी ओलांडली, रिकामे करून परत आला, पुन्हा भरले, पुन्हा गेला. मग पंप धुतला, पाइप वाळवला, गुंडाळून टांगला. तरी तुमचं भाषण चालूच होतं. हे सगळं पेपरात छापून येईल. ताज्या फुलांच्या फोटोसकट. फुलं जवळून बघितलीत का तुम्ही?"

नगराध्यक्षांनी कागद हळूच ड्रॉवरमध्ये ठेवला. "मग म्हणायचं तरी काय?"

"म्हणायचं, चिखल चोरीला गेलाच नाही. दोन काठांची सहकार्य योजना सुरू झालीय. तुमच्या प्रेरणेने."

नगराध्यक्षांनी भिंतीवरच्या हॉटेलच्या चित्राकडे पाहिलं. मग खिडकीतून दिसणाऱ्या खाडीकडे. घाणेरड्या खाडीकाठी हॉटेलात कोण उतरणार, हा विचार त्यांना बहुधा तेव्हाच पहिल्यांदा सुचला.

"माझ्या मनात हे होतंच," ते म्हणाले आणि त्यांनी लाउडस्पीकर मागवला.

त्या आठवड्यात लाउडस्पीकरचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला. नगराध्यक्षांचं भाषण छोटं होतं, कारण मजकूर भाचीने दिला होता. जिवंत कामगारांना दोन दिवस उसंत द्या, नळ बेताने सोडा, जालीम औषधं गटारात ओतू नका. लोक आधी हसले. मग कुतूहल म्हणून केंद्र बघायला आले. नव्या काँक्रीटवरून रांग लागली. एका आजींनी टाकीत डोकावून विचारलं, "यांना सुट्टी कधी?" शाळेच्या मास्तरीणबाईंनी सूक्ष्मदर्शक आणला. गटारवाल्या मॅडमना दोनतीन जणांनी नुसतं 'मॅडम' म्हटलं.

गाव दोन दिवस थोडं कुबट वास मारत होतं. खाडी मारत नव्हती.

गुरुवारी तपासणी अधिकारी आले, बाटलीत पाणी भरून गेले. शुक्रवारी पलीकडे गेले. दोन्ही निकाल एकाच दिवशी आले: पास, दोन्ही काठांवर, आणि दोन्ही अगदी काठावर. थोरल्या भावांनी आपल्या गावातल्या शीतगृहाच्या मालकाला टाकीपाशी आणून मेलेला चिखल हुंगवला, तेव्हापासून त्याची साफसफाई साध्या साबणाने होते.

काही आठवड्यांनी, एका रविवारी, ताजेरावांची बोट नव्या केंद्राच्या पायऱ्यांना लागली. निळे ड्रम भरलेले होते आणि बुडबुडत होते. पुढे थोरले भाऊ बसले होते.

"वाढलेत," ते टाकीकडे बघत म्हणाले. "आमच्याकडे जागा नाही. म्हटलं, इकडे..."

"मी मागितले नव्हते," भाची म्हणाली. पण ती आधीच पायरी उतरून आली होती.

"माहीत आहे."

"एकदम ताजे!" ताजेराव म्हणाले.

पंप लागला. ड्रम रिकामे झाले. टाकीचा रंग आणखी गडद झाला. मग पाइप आवरायची वेळ आली. थोरल्या भावांनी तो उचलला, एक वेढा घातला, दुसरा घातला. पाइप ओला होता, जड होता, आणि त्यांचा गुडघा दुखत होता हे टीसीबाईंना दिसत होतं. भाचीलाही दिसत होतं. पण ती हलली नाही. हात मागे बांधून उभी राहिली. वाट बघत होती.

म्हातारा थांबला. त्याने खाडीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, ताजेरावांकडे पाहिलं. कुठूनच मदत येत नव्हती.

"अगं," शेवटी तो म्हणाला, आणि आयुष्यात न वापरलेलं वाक्य असल्यासारखं एकेक शब्द काढत म्हणाला, "जरा... हे टोक धरतेस का?"

भाचीने टोक धरलं. आठाचा आकडा दोघांच्या मध्ये पडू लागला. एक वेढा तिचा, एक त्यांचा, कुठेही पीळ न पडता.

टीसीबाईंनी तोंड फिरवलं आणि त्या खाडीकडे बघू लागल्या. तिथे पाणी होतं, बाकी काही नव्हतं. एकही पक्षी नव्हता. तरी त्या बघत राहिल्या, बिनतिकीट प्रवाशासारख्या, जणू तिथे काहीतरी पहिल्यांदाच उगवलंय.